मधात जागा नोका सोडू

दर रविवारी काकाजी आमच्या बोटीवर येत. वैनगंगेतून पवनीच्या जुन्या दगडी घाटापर्यंत सावकाश जायचं आणि परत यायचं, एवढीच आमची सफर. मी प्रवाशांना लाइफ जॅकेट बांधून देतो. डोक्याला पांढरा दुपट्टा, खिशात बटणांचा फोन, असे हे काकाजी. बोट सुटली की ते कामाला लागत. कुणी सेल्फीसाठी हात लांबवला की हे उठलेच.

"आणा जी, मी काढून देतो. सरका, सरका! मधात जागा नोका सोडू!"

अनोळखी माणसं हसत हसत चिकटून बसायची. चालत्या बोटीत लोकांना हलवू नका, असं मी दहादा सांगितलं; ऐकतील तर शपथ. फोन परत देताना वर बजावत, "घरी पाठवून द्या बरं."

मे महिन्यातल्या एका दुपारी ऊन एवढं होतं की दुसरं कुणी आलंच नाही. बोट सुटली तरी ते रिकाम्या बाकांकडे पाहत बसून होते. मला राहवलं नाही.

"काकाजी, आज तुमचा काढतो," म्हणत मी माझा फोन काढला.

त्यांनी दुपट्टा नीट केला आणि बाकाच्या एका टोकाला सरकून बसले. बाजूची जागा तशीच मोकळी.

"मधात बसा ना जी."

"असाच काढ."

फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला.

"मस्त आला," मी म्हणालो. "सांगा, कोणाले पाठवू?"

समोर घाटाच्या पायऱ्या दिसायला लागल्या होत्या. त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला.

"तुझ्याजवळच राहू दे."