बाइंडरला ओव्हरटाइम नाही

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत राव. लेथखाली लोखंडाचा चुरा साठतो ना, तसे ते साठतात. सकाळी झाडून घ्या, संध्याकाळी परत आहेच.

आमचं कोंडाळं तिघांचं. मी संदीप, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या मालाला नाही म्हणायचा पगार घेतो. रेहान भोसरीत वडिलांबरोबर टू-व्हीलरचं गॅरेज चालवतो. आणि तिसरा अमोल, मूळचा लातूरचा. निघोजेजवळ एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर आहे. तिघंही आम्ही ट्रान्स पुरुष. जन्मलो तेव्हा दवाखान्यात 'मुलगी झाली' म्हणून सांगितलं, पुढचं आमचं आम्हाला कळत गेलं.

शर्टाच्या आत छाती सपाट दिसावी म्हणून आम्ही बाइंडर घालतो. बाइंडर म्हणजे काय, तर बिनबाह्यांची घट्ट बंडी. पुढचं कापड ताणत नाही, एवढाच फरक. पण त्या एवढ्याशा बंडीवरून आमच्याकडे जे रामायण घडलंय, ते ऐका!

*

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव 'फिटिंग'. रेहानच्या आत्येभावानं ते त्याच्या मोबाईलवर पाहिलं आणि मागेच लागला.

"मला पण घे ना ग्रुपमध्ये! आयटीआय फिटर आहे मी. कधीचा रिकामा बसलोय."

"जागा नाही," रेहान म्हणाला.

"मग वेटिंगला तरी ठेव!"

भाऊ अजून वेटिंगलाच आहे.

*

मी पहिला बाइंडर मागवला तो कंपनीच्या पत्त्यावर. दिवसा खोलीवर कुणी नसतं, म्हणून. पाकिटावर आतल्या वस्तूचं नाव लिहू नका असं विक्रेत्याला सांगायला हवं होतं. ते राहिलं.

आता आमच्या कंपनीला स्वतःची फाउंड्री आहे. तिथे वाळूचे साचे करतात आणि वाळू धरून राहावी म्हणून तिच्यात एक चिकट रसायन घालतात. त्या रसायनाला काय म्हणतात? बाइंडर! स्टोअरवाल्यानं पाकिटावर नुसतं 'बाइंडर' वाचलं आणि दिलं पाठवून फाउंड्रीत. तिथल्या कदमांचा मला फोन.

"संदीपराव, तुमचा बाइंडर आलाय. पण पाकीट किती हलकं हो! ह्याच्यात घमेलंभर वाळू पण धरायची नाही!"

मी घाईघाईनं विचारलं, "उघडलं का?"

"नाही. तुमच्या नावाचं आहे, तसंच ठेवलंय."

"सॅम्पल आहे ते! आलोच मी!"

धावत गेलो. कदमांनी पाकीट हातात दिलं, पण सुट्टी दिली नाही. "नवीन बाइंडर आहे म्हणून सांगतो. जास्त घट्ट करायच्या नादी लागू नका. साच्याला श्वास घेता आला पाहिजे. नाही तर आत गॅस कोंडतो आणि माल बाद."

पुढच्या आठवड्यात कँटीनमध्ये गाठून विचारतात, "काय, सॅम्पल पास का?"

"पास," मी म्हणालो. "श्वास घेतोय."

"मग टाका की ऑर्डर!"

टाकली. धुवायला एक, अंगावर एक, असे दोन असलेले बरेच. घामेजलेला बाइंडर दुसऱ्या दिवशी तसाच चढवला की अंगभर घामोळं उठतं, हे मी आता अनुभवानं सांगू शकतो.

*

रेहानचं मात्र डोकं गॅरेजचं. त्यानं पत्र्याच्या टेपनं माप घेतलं, तेही शर्टावरून, आणि वर एक साइज लहान मागवला. "बेअरिंग कसं, ठोकून बसवलं की हलत नाही!" म्हणे.

गॅरेजच्या वर त्याची खोली आहे. अमोल आणि मी बघायला गेलो, तर बंडी गळ्यात, दोन्ही हात छताकडे आणि आतून दबलेला आवाज, "भावा, ओढ! ओढ ना!"

वर जाईना, खाली येईना. आम्ही दोन बाजूंनी धरलं, पण हसता हसता हातातली ताकदच गेली. हा आतून ओरडतोय, "दात काय काढता! पुलर आणा, पुलर!" पुलर म्हणजे अडकलेलं बेअरिंग उपटायचं अवजार.

तेवढ्यात खालून त्याच्या अब्बांची हाक. "रेहान! गिऱ्हाईक खोळंबलंय!"

"अब्बा, जाम हो गया है!"

"तो ऑइल मार! ठोक मत!"

अब्बांना वाटलं नटबोल्टचं चाललंय. पण सल्ला लाखाचा होता. त्या दिवसापासून शिंप्याची कापडी टेप आली. छातीच्या सगळ्यात भरल्या भागावरून माप घ्यायचं, टेप ना सैल ना आवळलेली, आणि विकणाऱ्याच्या तक्त्यात जी साइज येईल तीच मागवायची. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मोठी. बेअरिंग एकदा बसवलं की विसरायचं असतं, हे रोज काढायचंय बाबा!

*

अमोलचं प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

तो आमच्यात आला तेव्हा बाइंडर नाहीच. क्रेप बँडेज गुंडाळायचा, पाय मुरगळल्यावर बांधतात ते. ते दिवसभर सरकत, आवळत राहतं. माझ्या खोलीचा जिना चढला की मधल्या पायरीवर डावी बरगडी दाबून बसायचा. विचारलं तर म्हणायचा, "भोसरीची धूळ, दादा."

मी भोसरीतच राहतो. इथली धूळ कुणाच्या फक्त डाव्या बरगडीत जात नाही.

शेवटी एकदा झापला त्याला. तर मान खाली घालून म्हणाला, "दादा, लाइनवर मला 'ए भावा' म्हणतात. आख्ख्या जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. बरगडी गेली तर जाऊ दे. ते 'भावा' जायला नको."

मला राग आला होता, तो कुठल्या कुठे गेला. भीती मात्र वाटायला लागली. ह्या पोराचा श्वास एक दिवस लाइनवरच अडकणार आणि ह्याला त्याचं काही नाही!

धरून संत तुकाराम नगरला नेला, एका डॉक्टरीणबाईंकडे. वयस्कर बाई, बोलायला फटकळ. त्यांनी बँडेज बघितलं.

"कुणी बांधलं हे?"

"मीच."

"पाठीमागून? स्वतःच्या हातानं? इतकं नीट?" मग दाराकडे बघून हाक मारली, "अहो, जरा इकडे या! बघा, बँडेज असं बांधतात!"

कंपाउंडर बिचारा येऊन बघून गेला. अमोल जरा फुशारला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आणि परत बांधलंत तर माझ्याकडे यायचं नाही. थेट एक्स-रे काढायला जायचं!"

बरगडीला सूज होती, मोडली नव्हती. बरी होईपर्यंत काहीच आवळायचं नाही. पुढे बाइंडर घातलात तरी एका शिफ्टपुरता, आठ तास. झोपताना नाही म्हणजे नाही. दुखलं, मुंग्या आल्या, दम लागला की जिथे असाल तिथे काढायचा. बँडेज आणि चिकटपट्टीचं तर नावच घ्यायचं नाही. बाईंनी हे सगळं त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

बरगडी बरी होईस्तोवर अमोल कंपनीच्या ढगळ शर्टाच्या आत दोन टी-शर्ट घालून गेला. जीव मुठीत धरून गेला. संध्याकाळी मी फोन केला, "कुणी काही बोललं?"

"बोलले ना. 'भावा, अंग धरलंस, लग्न जमलं काय?'"

*

त्याच दिवसांत घरी घालायला म्हणून स्पोर्ट्स ब्रा घ्यायला आम्ही पिंपरी कॅम्पात गेलो. दुकानदार साठीचा, कपाळावर चष्मा.

"कोणासाठी?"

"बहिणीसाठी," अमोल म्हणाला.

"साइज?"

अमोलनं फाडकन सांगितली. अर्ध्या इंचासकट! दुकानदारानं चष्मा खाली घेतला.

"बहीण जुळी आहे का?"

अमोल तोंडातल्या तोंडात म्हणाला, "हो."

"मग असं करा, तिच्या वतीनं तुम्हीच घालून बघा. ट्रायल रूम मागे आहे. कडी नीट लावा, सैल आहे ती."

*

बरगडी बरी झाली आणि अमोलचा बाइंडर आला. आम्ही कंपनीसारखी इन्स्पेक्शनच ठेवली. रविवार, माझी खोली, मी इन्स्पेक्टर! आतून सुती अस्तर? आहे. शिवण काखेत कापते का? नाही. कडेतून दोन बोटं आत जातात? जातात. खाली वाक. जिना चढून उतर. खोल श्वास घे. पहिल्या दिवशी थोडाच वेळ घालायचा, मग हळूहळू वाढवायचा.

"एक टेस्ट राहिली," रेहान म्हणाला, आणि त्यानं आपल्या अब्बांचा आवाज काढला. "ऑइल मार, ठोक मत!"

अमोल खो खो हसला. पोटभर, न थांबता. त्याला तसा हसताना मी पहिल्यांदा बघत होतो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, उगाच कशाला लपवू?

पास!

*

मग आडवा आला ओव्हरटाइम. बाइंडर एका शिफ्टचा, आणि सुपरवायझर म्हणतो सेकंड शिफ्टला पण थांब. रेहाननं ग्रुपवर फतवा काढला, 'बाइंडरला ओव्हरटाइम नाही'. पण हे सुपरवायझरला काय सांगणार? अमोल रोज एकच कारण द्यायचा, "साहेब, घरी पाणी येतं, भरायला कुणी नाही."

काही दिवस खपलं. मग सुपरवायझरनं त्याला बाजूला घेतलं.

"अमोल, खरं सांग. आख्ख्या पिंपरी-चिंचवडला एक दिवसाआड पाणी. तुझ्याकडे रोज?"

अमोल दोन पावलं मागे सरकला.

"अरे घाबरतोस काय! मला पण बघ की तिथं एखादी खोली!"

*

आणि मे महिन्यात अमोलची माय आली लातूरहून, पंधरवडा राहायला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

फोनवर ती त्याला जुन्या नावानंच बोलवायची. ते नाव मी सांगणार नाही. "जेवलीस का? कामाहून आलीस का?" असंच चालायचं. केस कापलेले तिनं व्हिडिओ कॉलवर बघितले होते, पण त्यावर चकार शब्द नाही. आता एकच खोली, एकच पंखा, मोरीला पडदा. अमोलनं काय करावं? बाइंडर काढायचाच बंद केला! कामावर तोच, घरी तोच, झोपतानाही तोच. मायसमोर बिनबाइंडरचं बसायला लागलो तर परत तिची 'ती' होऊन बसेन, म्हणायचा. मी फोनवर ओरडलो, तर त्यानं फोन उचलणं सोडलं.

चौथ्या दिवशी त्याच्या लाइनवरच्या पोराकडून कळलं, अमोल आज काम करता करता खाली बसला, छाती धरून. मी आणि रेहान गाडी काढून थेट त्याच्या खोलीवर. वाटेत रेहान म्हणाला, "मायसमोर बोलायचं कसं?" मी म्हटलं, "पोराचा जीव जाईल तेव्हा बोलायचं का मग?" पण काय बोलायचं ते मलाही सुचलं नव्हतं.

दार उघडंच होतं. पत्र्याची खोली, दुपारची भट्टी नुसती. अमोल नुकताच कामावरून आलेला, भिंतीला टेकून ताठ बसलेला. चेहरा पांढरा, श्वास वरच्या वर. माय समोर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. आम्हाला बघून म्हणाली, "या बाबा, बसा."

बसलो. मी घसा खाकरला, रेहाननं 'बोल' म्हणून कोपर मारलं.

मग माय शेंगांवरून नजर न काढता अमोलला म्हणाली, "तुझा बाप मोंढ्यातनं हमाली करून आला की दारातच सदरा काढायचा. खुंटीला टांगायचा, मग पाणी मागायचा. आन् तू कवाधरनं बसलायस तसाच, घामानं निथळत. काढ की ते आतलं. तू काय बापाहून येगळा हायस व्हय?"

अमोल भिंतीला धरून उठला आणि मोरीत गेला. पडदा ओढल्याचा आवाज आला. मग आतून एक लांबलचक श्वास.

मायनं टरफलं पदरात गोळा केली आणि आमच्याकडे वळली.

"आन् तुमी दोघं? तुमी बी घातलंय न्हवं तसलंच? त्यो भायेर आला की जावा एकेक जण. तवर मी च्या ठिवते."