तीन वाजता पाकिटं फोडायची

सरकारी कचेरीत फायली साठतात, असं लोक म्हणतात. अहो, फायली निदान काही वर्षांनी जाळून टाकतात! किस्से जाळायची सोय कुठल्या कचेरीत आहे? चहाला चार जण जमले की कुणीतरी म्हणतंच, "ते टेंडरचं सांगा की!" आणि मी सुरू होतो.

स्वातंत्र्यानंतरची दहा-बारा वर्षं मी म्हसळ्याच्या बाजूला लोकल बोर्डाच्या कचेरीत टेंडर क्लार्क होतो. मी पनवेलकडचा, तिथे एकटाच खोली घेऊन राहायचो. बोर्डाला काही विकत घ्यायचं असलं, बांधायचं असलं, की नोटीस काढायची, सीलबंद पाकिटं मागवायची, ठरल्या दिवशी दुपारी तीनला सगळ्यांसमोर फोडायची. ज्याचा दर कमी, त्याला काम! हेडक्लार्क होते गोगटे. त्यांना सगळे नियम तोंडपाठ. आणि शिपाई धर्मा. त्याला नियम सोडून बाकी सगळं ठाऊक!

*

नोटीस चार सार्वजनिक जागी चिकटवायची, हा नियम. धर्माने एक चावडीवर लावली, एक बाजारात, एक देवळापाशी आणि चौथी थेट मसणातल्या वडावर!

गोगटे उखडले. "अरे, ती काय सार्वजनिक जागा आहे?"

"मग काय खाजगी हाय? सगळ्यांनाच जायचं हाय की तिथं!"

काम होतं दवाखान्याची कौलं परतायचं. बोर्ली पंचतनहून एक नवाच माणूस पाकीट घेऊन आला. 'नोटीस कोठे वाचली?' या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'वडावर.'

मी म्हटलं, "तिथे कशाला गेला होतात?"

"बापाला घेऊन गेलो व्हतो. तो जळेस्तोवर बसायचंच व्हतं. वाचली."

काम त्यालाच मिळालं.

*

पेटीतली पाकिटं काढून टेबलावर मांडायचं काम धर्माचं. एकदा ओढ्यावरच्या लाकडी साकवासाठी सहा पाकिटं आली होती. त्यातलं एक त्याने उचललं आणि झटकन खाली टाकलं.

"काय झालं रे?"

"गार हाय."

वैशाखातली दुपार, आम्ही घामाने निथळतोय, आणि पाकीट गार! मी हात लावून बघितला. मला काही वेगळं लागलं नाही. फोडलं, तर दर त्याचाच सगळ्यांत कमी. माणगावचा तरणा कंत्राटदार होता, हसतमुख. जाताना सगळ्यांना पेढे देऊन गेला.

साकवाची तुळई चढवताना दोर तुटला आणि कंत्राटदार तिच्याखाली सापडून जागीच गेला.

त्यानंतर गोगटे प्रत्येक पाकीट आधी धर्माच्या हातात द्यायचे आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. बोर्डाच्या साहेबांनी एकदा विचारलं, "हे कुठल्या नियमात बसतं, गोगटे?"

"टपाल शिपायानेच हाताळायचं असतं, साहेब!"

*

आता खुद्द गोगट्यांचं ऐका. बेवारस प्रेतं जाळायला बोर्ड लाकूड घ्यायचं. किती प्रेतांपुरतं, ते नोटिशीत लिहावंच लागे. दरसाल आम्ही 'दोन' लिहायचो. एका वर्षी गोगट्यांनी लिहिलं, 'सात.'

मी चूक दाखवली. त्यांनी तो कागद फाडला, दुसरा घेतला. त्यावरही सात! स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाले, "हात तसाच जातोय रे."

साहेब वैतागले. "राहू दे हो. उरलं लाकूड तर पुढच्या वर्षी वापरू."

उरलं नाही. त्या पावसाळ्याच्या शेवटाला वादळात एक मचवा फुटला. कुठला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. प्रेतं किनाऱ्याला लागली, ती सात. सातही जणांना अग्नी गोगट्यांनी दिला.

पुढल्या वर्षी तो आकडा लिहायची वेळ आली, तेव्हा गोगट्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मीही बराच वेळ टाक उचलला नाही.

*

खाडीवरची होडी चालवायचा मक्ताही टेंडरनेच जायचा. माणशी भाडं जो कमी सांगेल, त्याची होडी. खूप वर्षं तो मक्ता इस्माईल नाखव्याकडे होता. एका साली पाकिटं फोडायच्या चार दिवस आधी नाखवा वारला. त्याचं पाकीट मात्र आधीच पेटीत पडलेलं!

दुसरा होडीवाला उठून म्हणाला, "मेलेल्याचं कशाला फोडता?"

गोगटे म्हणाले, "वेळेत आलेलं पाकीट फोडायचं, एवढंच नियमात आहे. माणूस जिवंत पाहिजे, असं कुठे आहे?"

दर नाखव्याचाच कमी निघाला. पण सही कोण करणार? मक्ता त्या दुसऱ्याला गेला. आठव्या दिवशी तो पांढराफटक होऊन कचेरीत हजर!

"साहेब, माझी होडी रोज सकाळी पलीकडच्या काठाला असते. मी बांधतो अलीकडं. आणि तिकडं दोराला गाठ नाखव्याची. ती गाठ दुसऱ्या कुणाला येत न्हाय."

गोगट्यांनी चष्मा काढला. "उतारूंकडून भाडं घेतो का तो?"

"न्हाय बा."

"मग दर त्याचाच कमी!"

मक्ता त्याने त्याच दिवशी सोडला.

*

आणि एक विहिरीचं. गावाबाहेर बोर्डाची एक विहीर होती, तीत एक बाई बुडाली. तळाशी कपार खोल गेलेली, त्यामुळे प्रेत काही हाती लागलं नाही. लोक पाणी भरेनात. शेवटी बोर्डाने विहीर बुजवायचं ठरवलं. तीनदा नोटीस काढली. एकही पाकीट नाही! चौथ्यांदा एकच आलं. दराच्या रकान्यात शून्य.

गोगट्यांनी त्या माणसाला बोलावलं. रघू नावाचा गवंडी, पस्तिशीचा.

"बोर्डाला फुकट काम घेता येत नाही, बाबा. काहीतरी दर लिही."

"माझी बायको हाय ती आत," रघू म्हणाला. "तिच्यावर माती लोटायचे पैसे घेऊ?"

एकच पाकीट आलं तर पुन्हा नोटीस काढायची, हा नियम. गोगट्यांनी तो उभ्या नोकरीत तेवढ्या एकदाच मोडला. स्वतःच्या हाताने 'एक रुपया' लिहिलं आणि रघूची सही घेतली.

महिनाभर तो एकटा माती आणून टाकत होता. हाताखाली कुणी यायला तयार नव्हतं. काम संपल्याचा निरोप आला, तेव्हा तपासणीला मीच गेलो. भर दुपार होती. माती चांगली चोपून बसवलेली, जमिनीबरोबर आलेली. फक्त मधोमध हातभर जागा ओली होती. त्या ओलीशेजारी रघू बसला होता.

मी शेरा लिहिला, 'काम समाधानकारक.' मग उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काम तर झालं. तरी रोज इथे येऊन बसतोस म्हणे, कशाला?"

"रोज न्हाय येत. हाक आली की येतो."

"आज आली?"

"व्हय. पण मला न्हाय." त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "मगाधरनं ती बाळू, बाळू करत्येय. बाळू कोण?"

कचेरीत, गावात सगळे मला आडनावाने ओळखायचे. बाळू मला फक्त आई म्हणायची, पनवेलला.