विमानाची किन्नर

आप्पासो माझ्या बहिणीचे थोरले दीर, आणि हा माणूस मला पहिल्यापासून पटला नाही. पलूसच्या चौकात चारचौघांना ऐकू जाईल अशा बेतानं ते मला विचारायचे, "काय पाव्हणं, तुमची भाची इमानाची किन्नर झाली म्हनं?" ट्रकवर ड्रायव्हरच्या शेजारी बसणारा, ट्रक मागं घेताना खाली उतरून "येऊ दे, येऊ दे, बास" असं ओरडणारा गडी म्हणजे आमच्याकडं किन्नर. राजनंदिनी को-पायलट व्हायला निघाली होती. आप्पासोंच्या लेखी दोन्ही एकच.

ही थट्टा साधी नव्हती. राजनंदिनीचा बाप नाथाजी तरुणपणी याच थोरल्या भावाच्या ट्रकवर किन्नर होता. एकदा ऊस भरायला आप्पासो ट्रक मागं घेत होते, तेव्हा चाक कालव्याच्या कडेला आलेलं त्याला दिसलं. पण आदल्याच दिवशी उगाच थांबवलं म्हणून आप्पासोंनी त्याच्या कानाखाली वाजवली होती. तो "दादा, बास" एवढंच पुटपुटला. ट्रक कलंडला, नाथाजीचा पाय खाली सापडला. तो अजून लंगडतो, आणि आप्पासो अजून सांगतात, "ह्यो वरडलाच न्हाई."

भाचीची गाठ तिकडं शहरात अशाच एकाशी पडली. छोट्या खासगी जेटचं पूर्ण रेटिंग, म्हणजे ते विमान चालवायचा परवाना, मिळण्याआधी उजव्या, को-पायलटच्या खुर्चीचं शिक्षण असतं. शिकवणारा कॅप्टन पहिल्या दिवसापासून तिच्यावर खार खाऊन होता. तिचं इंग्रजी ऐकून नाक मुरडायचा, "उसाच्या फडातून थेट इथंच का?" म्हणायचा. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे खोलीतल्या खोट्या विमानात, त्यानं मुद्दाम विमान धावपट्टीकडं भलत्या वेगानं खाली आणलं. अशा वेळी को-पायलटनं 'गो अराउंड' म्हणायचं. उतरू नका, परत वर घ्या. दोनदा सांगूनही कॅप्टन ऐकेना, तर विमान आपल्या हाती घ्यायचं. राजनंदिनी नुसती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. खोटं विमान आपटलं.

"आता एकच संधी. ती गेली की गावाला जा," तो म्हणाला.

फोनवर ती मला म्हणाली, "मामा, मला सगळं दिसत हुतं. तोंडच उघडंना." मला राग आला. तिचा नव्हे, मोठ्यांपुढं ब्र काढायचा नाही असं शिकवणाऱ्या त्या घराचा.

"बापाचा पाय आठव," मी म्हणालो.

दुसऱ्या खेपेला तिनं 'गो अराउंड' म्हटलं. कॅप्टन खेकसला, "गप्प बस." तिनं आवाज चढवून परत म्हटलं, आणि तरी तो हटेना तेव्हा विमान आपल्या हातात घेऊन वर काढलं. त्यानं तिला पास केलं, पण तिच्याकडं न बघता.

ती घरी आली त्या दिवशी बहिणीनं पुरणपोळ्या केल्या. पानं वाढून झाली तसे आप्पासो बसता बसता म्हणाले, "आली का किन्नर?" सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा.

"व्हय आप्पा, किन्नरच हाय," राजनंदिनी म्हणाली. "पर मी वरडले."

आप्पासो भरल्या ताटावरून उठून गेले. मला मनातून गुदगुल्या होत होत्या. मग माझं लक्ष नाथाजीकडं गेलं. तो मान खाली घालून बसला होता, आणि त्यानंही घास मोडला नव्हता.