पाच, पंधरा, पंचवीस

फोल्के रुंडक्विस्ट पहिल्या भेटीत कुणाला नाव विचारत नसे, जन्मतारीख विचारत असे. तीही नुसती तारीख. महिना आणि साल यांत त्याला काडीचा रस नव्हता.

मी विद्यापीठाच्या आवक-जावक टेबलावर रुजू झाले त्या दिवशी तळघराच्या जिन्यातून एक उंच, जरा पोक काढलेला माणूस वर आला. माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "कितीची?"

"काय कितीची?"

"जन्मतारीख."

"पंचवीस."

"मग तू राहणार," असं म्हणून त्यानं माझा हात हातात घेतला, मनापासून हलवला आणि आल्या पावली खाली गेला. मला वाटलं, नोकरी कायम झाली!

खरा अर्थ मायकेननं सांगितला. ही परीक्षा विभागातली, गुडघेदुखीसकट सगळ्यांची चौकशी करणारी बाई. फोल्के हा आमच्या दफ्तरखान्याचा माणूस. विद्यापीठात कागद जन्माला येतात त्या वेगानं ते ठेवत बसलो तर गावातल्या माणसांना बाहेर काढून घरांत फायली राहायला द्याव्या लागतील. म्हणून निकाल तेवढे कायमचे ठेवायचे आणि उत्तरपत्रिका दोन वर्षांनी कातरयंत्रात घालायच्या. त्यातून सुटका फक्त महिन्याच्या पाच, पंधरा आणि पंचवीस तारखेला जन्मलेल्यांची. त्यांचे कागद नमुना म्हणून, पुढच्या संशोधकांसाठी, कायमचे राहतात. शंभर वर्षांनी कुणी आमच्या गावाचा अभ्यास केला तर त्याला वाटेल, इथल्या बाया ठरलेल्या तारखांनाच बाळंत होत.

कॉफीच्या सुट्टीत यावरून फोल्केची रोज खेचली जायची. इमारतीचा रखवालदार तागे तर दालचिनीचा पाव तोंडात धरूनच सुरू करायचा.

"फोल्के, मी सतराचा. माझं काही खरं नाही ना रे?"

"नाही. पण तुझी बायको पाचची आहे. तिच्या कागदांत कुठंतरी तुझं नाव येईल. तेवढं पुरे तुला."

"म्हणजे मेल्यावरही मी तिच्याच हाताखाली!"

दफ्तरखान्याची प्रमुख एब्बा ही फोल्केपेक्षा वयानं बरीच लहान. ती हसून म्हणायची, "तागे, तुझी जिवंतपणीही तीच परिस्थिती आहे."

एकदा निवृत्तीला आलेले एक मोठे प्राध्यापक तळघरात आले. त्यांच्या विद्यार्थिदशेतला एक निबंध पेटाऱ्यांत होता, तो त्यांना हवा होता. तो त्याच आठवड्यात कातरायचा होता. फोल्केनं त्यांना बसवलं, कॉफी दिली आणि म्हणाला, "तू चारला जन्मलास, त्याला मी काय करू?" आमच्याकडे राजाखालचे सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात, पण प्राध्यापक लाल होऊन वर आले. निबंध गेला. नियम सगळ्यांना सारखा, एवढीच फोल्केची श्रीमंती होती.

त्याची मुलगी तूवा सोळाची. मध्यरात्र उलटली आणि मग आली. "थोडी घाई केली असती तर राहिली असती," असं फोल्के बारशापासून सांगत आला होता. त्यावर त्याची बायको मार्गिट म्हणायची, "पुढच्या खेपेला तू जा बाळंतपणाला आणि कर घाई." तूवाही त्याच मुशीतली. लहानपणी कुणी विचारलं तर सांगायची, "बाबा ठेवणारे, आई राहणारी, आणि मी जाणारी." सगळे हसायचे. मीही हसलेय.

पुढे ती आमच्याच विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकायला आली. दुपारी डबा घेऊन तळघरात उतरायची. बापलेक चाकांवर सरकणाऱ्या कपाटांच्या मधे बसून बटाटे आणि मासा खायचे आणि अक्षर बोलायचे नाहीत. इतक्या आनंदानं गप्प बसलेली माणसं मी दुसरी पाहिली नाहीत.

दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये तूवा पायांत लांब पात्यांचे स्केट बांधून एकटीच खाडीच्या बर्फावर गेली आणि बर्फ फुटलं.

मार्चमधलं बर्फ वरून पांढरं आणि पोटातून कुजलेलं असतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तूवानं तर त्यावर नुकतीच परीक्षा दिली होती. मग ती गेली कशी? पोलिसांनी अपघात म्हणून लिहिलं. गावानं मान डोलावली. पण किराणा दुकानाच्या रांगेत मार्गिट येऊन उभी राहिली की बोलणं जरा उशिराच थांबायचं.

फोल्के कामावर परत आला. आमच्याकडे दुःखी माणसाला मोकळी जागा देतात. म्हणजे त्याच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसतात. कुणी त्याला विचारलं नाही, कुणी मिठी मारली नाही. त्याच्या कपात कॉफी मात्र कुणीतरी आधीच ओतून ठेवलेली असायची. तारखांची थट्टा बंद झाली. नवीन कुणी रुजू झालं तर फोल्के जिन्यातून नुसता मान हलवायचा.

दोन वर्षं उलटून गेली आणि नोव्हेंबरात त्या सत्राच्या उत्तरपत्रिकांची पाळी आली.

पेटारे चाकगाडीवरून तळघरात गेले तेव्हा कोणत्या पेटाऱ्यात काय आहे हे सगळ्या मजल्यांना माहीत होतं. तूवाच्या हस्ताक्षरातलं मोठं लिखाण एवढंच उरलं होतं. बाकी सगळं तिच्या फोनमध्ये होतं, आणि फोन खाडीत. मुलं आता वहीत लिहितात कुठे? परीक्षेलाच काय ते पेन्सिल धरतात.

एब्बानं आडून विचारून पाहिलं. "फोल्के, कुठल्याही उत्तरपत्रिकेची झेरॉक्स कुणीही मागू शकतं, नाही का?"

"कुणीही."

"म्हणजे आपल्यातलंही कुणी."

"जो मागेल तो. मी देणारा आहे."

तो विषय तिथंच संपला. देणाऱ्यानं मागायचं नसतं, आणि मागितल्याशिवाय आमच्याकडे काही मिळत नाही.

त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर ईमेलनं एक मागणी आली. तूवा रुंडक्विस्टच्या शेवटच्या उत्तरपत्रिकेची प्रत हवी. नाव नाही, पत्ता काहीतरी बनावट. आता आमचा कायदा असा, की विद्यापीठाचा कागद मागणाऱ्याला 'तू कोण' आणि 'कशाला हवा' हे विचारायचं नाही. विचारणं हाच गुन्हा. मागणी पुरी होईपर्यंत मूळ कागद नष्ट करायचा नाही, आणि पुरी झाली की मोकळं. मी मागणीवर क्रमांक घातला आणि खाली पाठवली. दुसऱ्या दिवशी तीच मागणी वेगळ्या पत्त्यावरून आली. आणि मग तिसरी.

फोल्केनं तिन्ही झेरॉक्स काढल्या, पाकिटांत घातल्या आणि माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. त्याचा चेहरा भिजलेल्या कागदासारखा झाला होता.

पहिलं पाकीट न्यायला फरची टोपी घातलेली एक म्हातारी आली आणि तिनं पाठ केल्यासारखा क्रमांक सांगितला. ती एब्बाची आई. गावात तिला न ओळखणारा माणूस नाही, पण मला विचारायची बंदी! दुसरं न्यायला आलेल्या इसमानं नोव्हेंबरच्या अंधारलेल्या दुपारी काळा गॉगल लावला होता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा खुळखुळत होता. "अनोळखी माणूस," असं तो स्वतःहून म्हणाला. तो तागे. तिसरं पाकीट मायकेननं कुणाला न पाठवता सरळ उचललं. "एका मैत्रिणीसाठी," म्हणाली आणि जिन्यात डोळे पुसत गेली.

तेव्हा मला उलगडलं. तिघांना तेच सुचलं होतं, आणि तिघांनी ते एकमेकांपासून लपवून केलं होतं. प्रत काढून ठेवायची आणि एक दिवस गुपचूप फोल्केच्या टपालाच्या कप्प्यात सरकवायची. त्याला तोंडानं काही न म्हणता हे साधायचं होतं. ज्या प्रतीनं त्याचं दुःख हलकं व्हावं, ती त्यानंच काढायची आहे, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

कप्प्यात पाकीट सरकवायला उशीर झाला. दुसऱ्याच दिवशी कॉफीला फोल्के बोलला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"तीन माणसं तूवाचे कागद घेऊन गेली आहेत."

एब्बानं कप खाली ठेवला.

"कोण आहेत, काय करणार आहेत, मला विचारता येत नाही. पण एकाच वेळी तिघं म्हणजे काहीतरी लिहितायत तिच्यावर. त्या दिवशी ती खाडीवर का गेली, ते शोधतायत. कागदात सापडेल म्हणून."

"अरे, तसं काही नसेल," मायकेन कशीबशी म्हणाली.

"मग कसं असेल?"

मी एब्बाकडे पाहिलं. तिनं पावावरची साखर बोटानं गोळा केली. तागे उठून उगाचच खिडकीचा अडसर तपासू लागला. आता कबूल करायचं म्हणजे त्याला सांगायचं, की बाबा, तुझा जीव जाळणारे ते तिघं आम्हीच. फोल्केनं कप धुऊन पालथा घातला आणि तो खाली गेला. मागण्या पुऱ्या झाल्या होत्या. दुपारभर कातरयंत्राचा आवाज येत राहिला. सोळाची पत्रिका सोळाच्या पत्रिकांबरोबर गेली.

त्यानंतर तो कॉफीला आला नाही. घरचा फोन त्यानं काढून टाकला, कारण वार्ताहर विचारतील. मार्गिट किराणा आणायला शेजारच्या गावी जाऊ लागली. कबुली ज्याची त्यानं द्यायची, म्हणून मी तिघांच्या मागे लागले.

"तागे, पाकीट दे त्याला."

"कसलं पाकीट? तो मी नव्हतोच."

"तुझा गॉगल अजून माझ्या टेबलावर पडलाय."

"तो सगळ्यांकडे असतो तसला आहे."

एब्बा म्हणाली, "योग्य वेळ बघते." मायकेन नुसती रडली. योग्य वेळ बघता बघता हिवाळा गेला. मार्चमध्ये फोल्केनं मुदतीआधीच निवृत्ती मागितली आणि निरोपाच्या केकला आला नाही. तेव्हा कुठे तिघांनी आपापल्या खणातलं पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. तिथंसुद्धा एकमेकांकडे न बघता.

मी ती घेऊन फोल्केच्या घरी गेले. मार्गिटनं दार अर्धंच उघडलं, मग मला आत घेतलं. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून मी सगळं सांगितलं, म्हातारीच्या टोपीपासून गॉगलपर्यंत. फोल्के ऐकत राहिला.

"म्हणजे बाहेरचं कुणी नव्हतं?"

"नाही रे."

"कुणी काही लिहीत नाहीये?"

"कुणी नाही."

त्यानं खांदे खाली सोडले. मार्गिट म्हणाली, "गाढवं आहात तुम्ही सगळी. एक संबंध हिवाळा." मग तिनं माझ्या कपात कॉफी ओतली. ती क्षमा होती की सवय, मला कळलं नाही.

फोल्केनं पाकिटं उघडली. बोथट सुरीनं स्टेपलच्या पिना एकेक करून सोडवल्या, कारण पिना गंजतात. तिन्ही प्रती शेजारी शेजारी लावल्या आणि कडा जुळवल्या.

"तिन्ही एकच आहेत," तो म्हणाला. "एक ठेवायची. दोन जातील."

मार्गिटनं दोन्ही तळवे कागदांवर टेकले. "या घरातून आता काहीही जाणार नाही."

तो थांबला. होकारार्थी मान हलवली. मग मार्गिट वाचू लागली. तूवानं बर्फाखालच्या गाळाबद्दल लिहिलं होतं, बारीक, डावीकडे कललेलं अक्षर. चौथ्या पानाच्या समासात मार्गिटचं बोट थांबलं. तिथं एक करडा डाग होता.

"हे काय?"

"पेन्सिल. फार हलक्या हातानं लिहिलेलं असेल तर यंत्र उचलत नाही."

"काय लिहिलं होतं?"

"माहीत नाही."

"तीन वेळा झेरॉक्स काढलीस तू."

"दुसऱ्याचा कागद वाचायचा नसतो," फोल्के म्हणाला. "काढताना मी भिंतीकडे बघत होतो."

मार्गिटनं तिन्ही प्रतींतलं चौथं पान उचललं आणि ती खिडकीपाशी गेली. एक पान उजेडावर धरलं, मग दुसरं. एकात डाग जरा गडद होता. तिथं एखादं अक्षर सुरू झाल्यासारखं वाटत होतं. किंवा नुसतं कच्चं गणित, किंवा पेन्सिल टोकदार आहे का बघायला मारलेली रेघ. मूळ कागदाचा मागच्या नोव्हेंबरातच भुगा झाला होता.

"इकडे ये," ती म्हणाली. "तुझे डोळे बरे आहेत. हा उभा दांडा आहे का बघ."

फोल्के उठून तिच्या मागे उभा राहिला. खिडकीबाहेर खाडी दिसत होती, पांढरी आणि अजून गोठलेली. दोघांनी मिळून पान काचेला लावलं. मी माझा कप धुतला, पालथा घातला आणि दार ओढून घेतलं. रस्त्यावरून मागे वळून पाहिलं तर पान अजून काचेवरच होतं, आणि ते दोघं तिसरं पान लावायला जागा करत होते.