बाबांनी बोट ठेवलेला चेहरा

माझ्या बाबांना मी मारलं होतं.

थोबाडीत. चष्मा उडून भिंतीवर आपटला.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. सकाळपासून फॅमिली ग्रुपवर "किती केलंस गं त्यांचं" चालू आहे. ते वाचवेना, म्हणून लिहितेय.

बुधवार पेठेत बाबांचं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. "आपण उघडून बघितलंत ना? मग आता आपणच लावा," असं गिऱ्हाइकाला शांतपणे सांगायचे. आवाज कधी चढवला नाही.

मग स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. उरला डावा हात, आणि राग.

खराडीच्या एका रिहॅब सेंटरमध्ये ठेवलं. तिथे फिजिओला चावले. अटेंडंटच्या डोक्यात खिचडीची ताटली घातली. मी गेले की माझे केस धरून ओढायचे.

डॉक्टर म्हणायचे, "मेंदूला इजा झालीय, ते मुद्दाम करत नाहीत." मला पटायचं. पण हिंजवडीहून दोन तास ट्रॅफिकमध्ये येऊन तोंडावर थुंकी पडली, की पटायचं बंद व्हायचं.

एका रविवारी त्यांनी आईचं बोट पिरगाळलं. कट्‌कन आवाज आला. आई किंचाळली, तरी सोडेनात.

मी मारलं. त्यांनी सोडलं.

मग मी आणखी एकदा मारलं.

दुसऱ्यांदा मारायची काही गरज नव्हती.

त्यांनी डावा हात तोंडासमोर धरला. मारायला नाही, मार चुकवायला.

त्याच आठवड्यात सेंटरचा फीडबॅक होता, नातेवाइकांचा आणि पेशंटचाही. माझा फॉर्म मी फटाफट भरला. सगळीकडे "अत्यंत समाधानी".

बोलता न येणाऱ्या पेशंटसाठी चेहऱ्यांची पाटी होती. हसरा, मधला, रडका. स्पीच थेरपिस्ट सायली मॅडम विचारायच्या, बाबा बोट ठेवायचे.

"जेवण कसं आहे, काका?"

मधला.

"व्यायाम?"

रडका. आम्ही दोघी हसलो.

"घरचे नीट वागतात ना?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. दाबून. उचलेचनात.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

"अहो, त्यांना काही कळत नाही. कुठेही बोट ठेवतात," मी म्हणाले.

"हो, दमलेत आज," म्हणत त्यांनी हसऱ्यावर टिक केली.

बाबांनी पाटी भिरकावली. मॅडमची भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. दोघा अटेंडंटनी बाबांना कॉटवर दाबून धरलं आणि नर्सने इंजेक्शन दिलं.

फाईलमध्ये लिहिलं गेलं : विनाकारण आक्रमक.

कारण मला माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही.

गोळ्या वाढवल्या. पुढचे दोन महिने बाबा नुसते छताकडे बघत पडून होते. सगळे म्हणाले, किती सुधारले. मग गेले.

माफी मागायची राहून गेली, असं मी म्हणणार नाही. वेळ होता. मी मागितली नाही.

भावपूर्ण श्रद्धांजली वगैरे शब्द आज माझ्या हाताला येत नाहीत.

नमस्कार करते, बाबा. तुम्हाला सगळं कळत होतं.