रिकाम्या खोलीतला एसी

मे महिना, दुसरा मंगळवार, सकाळी साडेदहा. जागा: मनोहरभाऊंचा नागपूरच्या नंदनवन भागातला बंगला, तळमजला, वाईनची खोली. हजर: मनोहरभाऊ, त्यांच्या पत्नी वैशालीताई, मी. गैरहजर: मनोहरभाऊंच्या आई, माई. त्या देवळात, साडेअकरापर्यंत. उघडलेल्या बाटल्या: चार. पिण्यालायक: शून्य.

माझ्या वहीतली नोंद जशीच्या तशी उतरवली आहे. मी सगळं लिहून ठेवते. त्या दिवशी ते उपयोगी पडलं.

"मॅडम, माल डुप्लिकेट आहे," मनोहरभाऊ म्हणाले.

"भाऊ, प्रत्येक बाटलीला नंबर आहे. प्रत्येकीची पावती माझ्या फायलीत आहे."

"मंग हे असं काहून लागते?"

प्रश्न रास्त होता. नाशिकची व्हाइट वाईन करडईच्या तेलाच्या रंगाची झाली होती. फ्रान्सच्या रेडला जळक्या गुळाचा वास होता. इटलीच्या रेडचं बूच अर्धं पेर वर आलेलं, खाली चिकट ओघळ. स्पार्कलिंग म्हणजे बुडबुड्यांची वाईन. तिचं बूच उडायला हवं, ते हातात निघून आलं. वैशालीताईंनी रेडचा एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "मोरावळ्याचा पाक लागते."

मी हॉटेलांसाठी आणि काही घरांसाठी वाईन निवडते. कोणती आता प्यायची, कोणती पाच वर्षं ठेवायची, कशी ठेवायची, याची यादी करून देते. नागपुरात हा धंदा करणारे फार नाहीत, कारण याला धंदा मानणारे फार नाहीत. आमच्या सोसायटीत मी अजूनही 'दारूच्या दुकानवाल्या मॅडम' आहे.

बारा दिवसांनी भाऊंच्या मुलीचा, ऋचाचा, साखरपुडा होता. होणारे व्याही पुण्याचे. ग्लास हातात आला की आधी तीनदा फिरवणारे. त्यांच्यासमोर या खोलीतून बाटली काढायची, हे भाऊंचं गेल्या दिवाळीपासूनचं स्वप्न. आणि बाटली अशी निघाली तर?

"तुमचं नाव सांगीन," भाऊ म्हणाले. "व्याह्यांले सांगीन, क्लबमध्ये सांगीन."

माझी सगळी गिऱ्हाईकं एकमेकांच्या लग्नात भेटतात. एवढी धमकी पुरेशी होती.

आता थोडं मागचं. मनोहरभाऊ संत्र्याचे व्यापारी. काटोलला कोल्ड स्टोरेज, इतवारीत ऑफिस. वाईनच्या खोलीवर त्यांनी भरपूर हौस केली होती. काचेचं दार, पिवळे दिवे, कोपऱ्यात लाकडी पिंप. पिंप रिकामं, आणि वाईनच्या पिंपाला नसतो तसा त्याला पितळी नळ. बाटली निवडायची भाऊंची पद्धत वेगळी. ती ते हातात तोलून बघत. जड असेल तर भारी. मग बुडाच्या खळग्यात अंगठा घालून बघत. अंगठा जितका आत जाईल, तितका त्यांचा विश्वास वाढे. वाईन काचेत नसून काचेच्या आत असते, हे मी दोनदा सांगितलं.

"जेवढी जुनी तेवढी चांगली न?" त्यांचा दुसरा लाडका प्रश्न.

"भाऊ, संत्रं जेवढं जुनं तेवढं चांगलं का?"

"संत्र्याची गोष्ट अलग आहे."

फारशी अलग नाही. बहुतेक वाईन वर्ष-दोन वर्षांत प्यायच्याच असतात. ठेवून सुधारतात त्या थोड्या, आणि त्याही थंड जागी ठेवल्या तरच. थंड म्हणजे तेरा अंश, अंधार, आणि बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. तेराचे चौदा झाले तर चालतं. पण आज तेरा, दुपारी चौतीस, पुन्हा तेरा, हे चालत नाही. गरमीत वाईन फुगते आणि बूच ढकलते. थंडीत आकसते आणि बाहेरची हवा ओढून घेते. लोणच्याच्या बरणीचं झाकण रोज काढलं तर काय होतं, ते प्रत्येक घरात माहीत आहे. इथे तेच, फक्त बरणी फ्रान्सची.

घरी बाटल्या बाळगायला माणशी परवाना लागतो आणि बाटल्यांची संख्याही माणशी ठरलेली असते. भाऊंच्या ऑफिसनं घरातल्या चौघांचे परवाने काढले. भाऊ, वैशालीताई, ऋचा आणि माई. होय, माई. ज्यांच्या समोर घरात 'दारू' हा शब्द काढायचा नाही, त्या माई. मला पहिल्याच दिवशी सूचना मिळाली होती, आणि ती माझ्या वहीत एक नंबरला आहे: 'माईंना सांगितले आहे की बाटल्या शोभेच्या आहेत, आत रंगीत पाणी आहे.' म्हणून माझी प्रत्येक मीटिंग साडेदहाला, आणि साडेअकराच्या आत मी फाटकाबाहेर.

त्या मंगळवारी एसीवर तेरा दिसत होतं. मागच्या प्रत्येक भेटीत तेराच होतं. तरी माल शिजलेला. मी एसी मेकॅनिकला बोलावलं. त्यानं मशीन उघडलं, गॅस बघितला, दाराचं रबर बघितलं.

"मशीन एकदम ओके है मॅडम. चलाओगे तो चलेगा."

हे वाक्य मी वहीत लिहिलं, पण त्यावर विचार केला नाही. करायला हवा होता.

मी एक छोटं यंत्र आणलं. काडेपेटीएवढं असतं. दर पंधरा मिनिटांनी तापमान लिहून ठेवतं. मधल्या फळीवर बाटलीमागे लपवलं आणि शनिवारी काढलं. चारही दिवस आलेख एकसारखा. रात्रभर तेरा. दुपारी बाराच्या सुमाराला चढायला सुरुवात. संध्याकाळी सातला चौतीस. मग पुन्हा उतार. मशीन बिघडलं तर असं शिस्तीत बिघडत नाही. इतकी शिस्त माणसाचीच असते.

सोमवारी मी साडेदहाला गेले आणि साडेअकराला निघाले नाही. खोलीत स्टूल टाकून यादी घेऊन बसले. पावणेबाराला फाटक वाजलं. हॉलमधला पंखा बंद झाल्याचा आवाज आला. मग गीझरचं बटण. मग जिन्यावरचा दिवा. एकेक टक्, टक् माझ्याकडे येत होतं. काचेचं दार उघडलं आणि एक हात एसीच्या स्विचवर गेला.

"कोण आहे वं आत?"

"मी आहे माई. बाटल्यांची यादी करून राहिली."

"तू आहेस काय. मंग राहू दे." हात खाली आला. "निघशील तवा बंद करजो आठवणीनं. खोलीत माणूस नाही अन् एसी आपला चालू. रोज मलेच बंद करा लागते."

त्या निघाल्या नाहीत. दारात उभ्या राहून फळ्यांकडे बघत म्हणाल्या, "मले एक सांग. शोभेच्या बाटल्यांले एसी काहून लागते?"

बावीस वर्षांत मला ग्राहकांनी वाईनबद्दल पुष्कळ विचारलं. इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"लेबलं खराब होतात माई. गरमीनं."

माईंनी आत येऊन दार लोटलं. मग कमरेच्या पिशवीतून आधार कार्ड काढलं, त्याच्या मागे घडी घातलेला एक कागद होता, तो माझ्या हातात दिला. मद्य परवाना. माईंचा फोटो, माईंचं नाव.

"ऑफिसातून आधार कार्ड वापस आलं, त्यासंगं हे आलं. मी चष्मा लावून वाचलं सारं. माह्या तब्येतीसाठी आहे म्हणते." त्यांनी फळ्यांकडे बोट केलं. "यातल्या माह्या कोणत्या, तेवढं दाखव."

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी मधली रांग दाखवली. माईंनी वाकून एकेक लेबल बघितलं, संत्र्याची पेटी बघावी तसं.

"चांगल्या आहेत?"

"होत्या. आता खराब झाल्या."

"काहून?"

"रोज दुपारी एसी बंद होत होता."

माईंनी वाकलेली पाठ सरळ केली. मग म्हणाल्या, "काटोलच्या कोल्ड स्टोरेजची चावी वीस वर्षं माह्या कमरेले होती. दार दोन मिनिटं जास्त उघडं राहिलं त मी माणसाले घरी पाठवत होती. माल थंडा ठेवा लागते, हे मले माहीत नाही काय? पण मले कोणी माल आहे म्हणून सांगतलंच नाही. रंगीत पाणी म्हणे."

"मी बोलते भाऊंशी."

"तू नको बोलू. त्यानं यावं. माह्यासमोर उभं राहावं अन् म्हणावं, माई, ही दारू आहे, मी पितो, एसी चालू ठेव. एवढं म्हटलं त या स्विचले कोणी हात लावणार नाही. मी बसतो इथं काठी घेऊन."

"आणि नाही म्हटलं तर?"

"मंग शोभेच्या बाटल्या आहेत. त्याहिले एसी लागत नाही."

मी तिथून सरळ इतवारीत भाऊंच्या ऑफिसला गेले. हातगाड्यांतून वाट काढत अर्धा तास लागला, तेवढ्यात प्रश्न क्रमानं लिहून काढले.

"भाऊ, संध्याकाळी घरी येता तेव्हा वाईनच्या खोलीतला एसी बंद असतो?"

"असते."

"रोज?"

"रोजच."

"मग?"

"मी चालू करतो न."

"कोण बंद करतं, विचारलं नाही?"

भाऊंनी फोन उलटा करून ठेवला. "विचारलं असतं त सांगा लागलं असतं."

म्हणजे उन्हाळा लागला तेव्हापासून, मार्चपासून, रोज संध्याकाळी या माणसाला चौतीस अंशांची खोली दिसत होती. आणि मंगळवारी त्यानं माझा माल डुप्लिकेट ठरवला होता. मी 'डुप्लिकेट' हा शब्द मागे घेतल्याचं कागदावर लिहून मागितलं. त्यांनी दिलं, सही केली, वर संत्रा बर्फीचा डबा पुढे केला. तो मी घेतला नाही.

"आता माईंना सांगा," मी म्हणाले.

"तुमीच सांगून द्या न मॅडम. तुमाले फी देतो ना मी."

"माझ्या फीमध्ये तुमची आई येत नाही."

मनोहरभाऊ मंडीत उभे राहिले की दलाल आवाज खाली आणतात, हे मी स्वतः बघितलं आहे. त्या माणसानं पुढच्या पंधरा मिनिटांत मला पाच उपाय सांगितले. स्विच फळीमागे लपवणं. दाराला कुलूप लावणं. माईंना साखरपुड्यापर्यंत काटोलला मामांकडे ठेवणं. मेन स्विच शेजारच्या बंगल्यात देणं. पाचवा उपाय माझ्या एका वाक्यातून निघाला, याची मला अजून लाज वाटते. मी म्हणाले होते, "खोलीत माणूस असला की त्या बंद करत नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून काटोलच्या गोदामातले म्हातारे पहारेकरी गोविंदराव वाईनच्या खोलीत बसू लागले. अकरा ते सात. बाहेर पंचेचाळीस अंश, आत गोविंदराव स्वेटर, मफलर आणि कानटोपीत. माई पावणेबाराला दार उघडत, विचारत, "आहेस काय गा?" ते म्हणत, "आहो माई." दार बंद होई. असे साखरपुड्यापर्यंतचे सगळे दिवस. बाईला सगळं माहीत होतं. खोलीत माणूस असेल तर एसी बंद करायचा नाही, हा आपला नियम ती पाळत होती, इतकंच.

मी उरलेल्या चव्वेचाळीस बाटल्या तपासल्या. गळ्याशी पातळी किती उतरली, बूच वर आलं का, रंग काय. तीन रकाने आखले: लवकर प्या, मटणात घाला, मोरीत ओता. भाऊंना 'ठेवा' असा रकाना हवा होता. तो मी आखला नाही. जड बाटल्या बहुतेक तिसऱ्या रकान्यात गेल्या. अगदी धडधाकट निघाल्या त्या मदेराच्या तीन. ही पोर्तुगालच्या बेटावरची गोड वाईन बनवतानाच तापवतात, त्यामुळे नागपूरचा मे तिला नवा नसतो. घेताना भाऊ तिला 'बारकी बाटली' म्हणून हसले होते. जेवणासाठी नाशिकहून ताजी, किंचित गोड शेनिन ब्लां ही व्हाइट वाईन आणि स्पार्कलिंग मागवली. बेत झणझणीत सावजी रश्श्याचा; त्यासोबत जड रेड दिली तर तोंडात आगीवर तेल पडतं. थंड आणि थोडी गोड वाईन ती आग विझवते.

साखरपुडा पार पडला. व्याह्यांनी ग्लास तीनदा फिरवला, वास घेतला, प्यायले, आणि पुन्हा मागितली. संत्रा बर्फीसोबत मदेरा दिली तेव्हा त्यांनी विचारलं, "निवड कोणाची?" भाऊंनी माझं नाव सांगितलं. शब्दाला जागले म्हणायचे, क्लबमध्येही सांगितलं.

तेवढ्यात माई आशीर्वाद द्यायला आल्या. व्याह्यांच्या हातातल्या ग्लासकडे बघून त्यांनी मुलाला विचारलं, सगळ्यांसमोर, अगदी साध्या आवाजात.

"मनोहर, काय आहे गा ते?"

पंगत थांबली. वैशालीताईंनी नवऱ्याकडे बघितलं. मीही बघितलं. संधी याहून सोपी येत नाही. होणारे व्याही स्वतः ग्लास धरून बसले होते.

"द्राक्षाचं सरबत आहे, माई," भाऊ म्हणाले.

"बरं," माई म्हणाल्या. नातीच्या आणि नातजावयाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि आत निघाल्या. गोविंदराव तेव्हा जेवायला बसले होते, कानटोपी मांडीवर ठेवून. वाईनच्या खोलीकडून टक् असा आवाज आला.

नवीन घराचं काम घेताना मी एक फॉर्म भरून घेते. खोलीची दिशा, ऊन, वीज किती जाते, असे चौदा प्रश्न होते. आता पंधरावा आहे: 'या खोलीबद्दल घरात कोणाला काय सांगितले आहे?' या प्रश्नावर दोन गिऱ्हाईकं परत गेली. बरं झालं.

मनोहरभाऊंच्या फायलीतली सगळी कामं पूर्ण आहेत, एक सोडून. काम क्रमांक सात: भाऊंनी माईंना सांगणे. जबाबदारी: भाऊ. मुदत: चार वेळा वाढवली. काल फोन केला होता. म्हणाले, दिवाळीनंतर बघू, तोवर गोविंदरावांना नवा स्वेटर घेतला आहे.