एक किलोमीटरच्या आत

वर्तमानपत्राच्या कचेरीत बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. किस्से मात्र मुरत जातात! ठाण्यातल्या आमच्या छोट्या दैनिकात नव्वदच्या सुमारास एकट्या सायकलच्या मीटरनं इतके किस्से दिले, की तेवढ्या बातम्या मला कुठल्या सभेनं दिल्या नाहीत.

झालं असं, की कोपरीच्या बाजूला बसणाऱ्या कोळणींना उठवायचं एका सरकारी खात्यानं ठरवलं. कोणतं खातं ते सोडा, माझा राग सगळ्यांवर सारखाच आहे. नवी जागा एक किलोमीटरच्या आत असेल तरच बाजार हलवता येईल, हा त्यांचाच नियम. साहेबांनी खुर्चीत बसून सांगितलं, "आत आहे!"

कोळणींतली थोरली हिरामावशी कचेरीत येऊन मला म्हणाली, "तितं गिऱ्हाईक येनार नाय रं. माजी चूल बंद होल."

म्हटलं, मोजूनच दाखवतो.

*

मोजायला मीटर हवा. आमचे संपादक भाऊ म्हणजे चहाही अर्धाच मागवणारा माणूस. त्यांना सांगितलं, "परदेशी सायकल कॉम्प्युटर आलाय. स्पोकला लोहचुंबक लावायचं, हँडलवर आकडे दिसतात."

भाऊंनी चष्म्यावरून पाहिलं. "ऑफिसात कॉम्प्युटर नाही, आणि तुझ्या सायकलला पाहिजे?"

*

मग स्वस्तातला शोधायला मी आणि आमचा फोटोग्राफर दिनू कल्याणला गेलो. दुकानदार शेठनी काट्याचा स्पीडोमीटर पुढं केला. "साठपर्यंत काटा जातो, साहेब!"

"शेठ, माझी सायकल साठनं गेली तर उद्या माझीच बातमी छापावी लागेल!"

मला वेग नको होता, अंतर हवं होतं. शेवटी सगळ्यात स्वस्त मीटर घेतला: पुढच्या चाकाच्या आसाला लावायची छोटी डबी. स्पोकवरची पिन दर फेऱ्याला तिला टिक् करून टोला देते आणि आतले आकडे सरकतात. शंभर मीटरचा आकडा वेगळा दिसत होता. आम्हाला तेवढंच पुरे होतं.

*

तपासायला कल्याण रस्त्यावर गेलो. एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत सायकल चालवली. मीटर किलोमीटर पुरा दाखवेना! पुढच्या दगडालाही तेच.

दिनू म्हणाला, "अरे, दगडच एकमेकांच्या जवळ पुरलेत!"

कचेरीत हे सांगताच भाऊंनी पेन उचललं. आमच्याकडे मथळा आधी व्हायचा, तपास नंतर. "किलोमीटरच्या दगडांत घोटाळा!" पहिल्या पानावर जागाही राखली. दिनूनं तर दगडांचे फोटोसुद्धा धुतले.

संध्याकाळी सहज मीटरचं खोकं पाहिलं. वर लिहिलं होतं, 'चाक २६ इंच'. माझी काळी सायकल अठ्ठावीसची!

दुसऱ्या दिवशी मीटर परत घेऊन गेलो, तर शेठ शांतपणे म्हणतात, "मीटर चांगला आहे हो. चाक बदला की!"

*

अठ्ठावीसचा मीटर मिळाला, दगडांशी जुळलाही. आणि टेंभी नाक्याला सायकल पंक्चर झाली. मेकॅनिककडे सोडून चहा प्यायला गेलो. परत आलो, तर गडी खुशीत. "साहेब, पुढच्या चाकात टिकटिक होत होती ना? स्पोकला कायतरी अडकलेलं, काढून फेकलं. त्याचे पैसे नकोत!"

ती पिन आम्ही गटाराच्या कडेला गुडघे टेकून शोधली. दिनूनं त्याचाही फोटो काढला.

*

अखेर हिरामावशीला सोबत घेऊन जुन्या बाजारापासून नव्या जागेपर्यंत सायकल हातात धरून चाललो. एक किलोमीटर आठशे मीटर!

मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुजा मीटर बरोबर हाय. माजं गुडघं पन तेवरंच सांगतान."

*

सुनावणी बाजारातच झाली, उन्हाळ्याच्या भर दुपारी. सगळ्या कोळणी जमल्या होत्या. साहेबांनी माझा आकडा उडवून लावला. "सायकल तुमची, मीटर तुमचा, पेपर तुमचा! मी कसा मानू?"

"मग तुम्ही चालवा," मी म्हटलं. "मीटर जे सांगेल ते दोघांनी मानायचं."

कोळणींसमोर नाही कसं म्हणणार? साहेबांनी बाह्या सरसावल्या. मावशीनं भरलेली पाटी कॅरिअरवर बांधली. "मासली घेऊन जा सायब. आमी काय रिकाम्या जातो?"

निघतानाचा आकडा साहेबांनी स्वतः वाचला, कारकुनाला लिहायला लावला आणि घंटी वाजवत गेले.

आम्ही वाट बघत बसलो. बऱ्याच वेळानं एक टेम्पो येऊन थांबला. मागे सायकल आणि पाटी, पुढं ड्रायव्हरशेजारी साहेब, शर्ट घामानं चिंब. उडी मारून उतरले, सायकल खाली घ्यायला लावली, मीटरवर वाकले आणि ओरडले, "नऊशे मीटर! लिहा! एक किलोमीटरच्या आत!"

कारकून लिहायला लागला.

मावशीनं पाटीवरचा कपडा सारखा केला आणि ड्रायव्हरला विचारलं, "सायब कुटं भेटला रं तुला?"

"अर्ध्या वाटेवर, मावशी. झाडाखाली बसलेले."